पादत्राणावरचे नाव

माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) वर्गात शिकवीत असतानाच आम्ही साल्वातोरे फेरागामो या इटालियन पादत्राणकाराचे ‘शूमेकर ऑफ ड्रीम्स’ (१९५७) हे आत्मचरित्र वाचले. हा केवळ योगायोग. पण त्यामुळे फेरागामोच्या यशोगाथेपेक्षा तिच्या आरंभीचा एक तपशीलच मनात रुतून बसला.

फेरागामो १८९८ साली दक्षिण इटलीतील बोनितो या खेड्यात जन्मला. मुलाने मोची व्हावे हे घरच्यांना रुचत नव्हते. धंदा तिथेही हलकाच! नऊ वर्षांच्या पोराने बहिणीच्या चर्चमधल्या विधीसाठी रात्र जागून पांढरे जोडे शिवले, तेव्हा कुठे विरोध मावळला. पुढे अमेरिका, हॉलिवूडच्या नटनट्या, १९२७ मध्ये फ्लॉरेन्स, १९३३ मध्ये दिवाळखोरी. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे चांगले पोलाद मिळेना, तेव्हा त्याने बुचाची सलग टाच घडवली आणि ती जगभर गाजली. १९३८ मध्ये त्याने एक मध्ययुगीन प्रासादच विकत घेतला. १९६० मध्ये तो गेल्यावर पत्नी वांदाने व्यवसाय वाढवला. जोड्यावरचे नाव मात्र त्याचेच राहिले.

फेरागामोच्या वाट्याला आलेला हलकेपणा धंद्याचा होता, रक्ताचा नव्हता. म्हणून तो एका पिढीत पुसला गेला. कोंडविलकरांच्या दैनंदिनीवजा आत्मकथनातला चर्मकार मुलगा शिक्षक होतो, तरी गाव त्याला जातीनेच ओळखते. धंदा सुटला तरी नाव सुटत नाही. तिथे नाव ही मिरवण्याची गोष्टच नव्हे.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो. पक्व हिरड्याच्या तुरटपणावर कातडे कमावतात. कोल्हापुरी चपलेचे कातडेही परंपरेने हिरडा आणि बाभळीची साल यांवरच कमावलेले. तिला खिळा लागत नाही, तळ चामड्याच्या वादीने शिवतात. ‘कापशी’ हा तिचा एक प्रकार गावाच्या नावाने ओळखला जातो. कारागिराच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार आम्हांला ठाऊक नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने याच घाटाची पादत्राणे आणली, ती कोल्हापूरचा उल्लेखही न करता. (प्राडा हेही अखेर एका माणसाचेच नाव, मारिओ प्राडाने १९१३ मध्ये चामड्याच्या वस्तूंचे दुकान काढले होते.) ओरड झाली, कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. त्याच डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड काढण्याचे ठरले, किंमत सुमारे ८०० युरो. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात दोन्ही राज्यांचे मिळून आठ जिल्हे आहेत. जिल्ह्यांना मान मिळाला याचा आनंद आहेच. पण जिल्हा चप्पल शिवत नाही.

यंदा या दोन्ही आत्मकथनांतील उतारे आम्ही एकाच तासाला वाचायला देणार आहोत. फेरागामोच्या उताऱ्याचा मराठी अनुवाद अजून व्हायचा आहे.