हातभर अंतर

धावणे या क्रियापदाला मराठीत फारशी चांगली संगत लाभलेली नाही. धावपळ, धावाधाव, धावतपळत. सगळी कशी घामाघूम आणि कावरीबावरी मंडळी! या शब्दांकडे पाहिले की वाटते, आपला माणूस संकटावाचून कधी धावलाच नसावा. गाडी सुटत असेल, अंगणात वाळवण आणि आभाळात ढग असतील, शेजारी आग लागली असेल, तरच धावायचे. देवाचा आपण धावा करतो. म्हणजे आपण जागेवर बसायचे आणि धावायचे त्या बिचाऱ्या देवाने. कशाच्या मागे न लागता, आणि कोणी मागे लागलेले नसता, उगीचच धावत सुटलेल्या माणसाला माझ्या माहेरच्या गावात एकच प्रश्न विचारला असता : "काय झाले हो?"

काही झालेले नसताना धावणारी तीन माणसे आज माझ्या घरात आहेत, आणि त्यांतली एक मी आहे. या छंदाची सुरुवात परदेशात झाली हे मी मुद्दाम सांगते. आपल्या गावात आपल्याला ओळखणारे इतके असतात, की धावायला लागणारा निर्लज्जपणा अंगी येत नाही. परदेशाची ही एक मोठी सोय आहे. तेथे आपण कोणीच नसतो.

2014 साली आम्ही लंडनच्या नैर्ऋत्येला, टेडिंग्टनजवळ राहायला गेलो. नवऱ्याला नवी नोकरी होती, माझी जुनी सुटली होती, आणि मुलगी सहा वर्षांची होती. पुण्यात जिची बडबड थांबवता थांबत नसे, ती पोर शाळेतून आली की मुकाट दूध पिऊन खिडकीशी बसे. नवरा संध्याकाळी उशिरा येई. रविवारी आम्ही तिघे गाडीत बसून कोठेतरी जात असू आणि एकमेकांना काय दाखवावे ते न सुचून परत येत असू. शेजारी सज्जन होते; पण त्यांच्याशी हवेपलीकडे बोलणे जात नसे, आणि तेथली हवा काही इतकी बोलण्यासारखी नसते.

घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर बुशी पार्क नावाचे मोठे राजोद्यान आहे. त्यात जुन्या चेस्टनट वृक्षांची रुंद वीथी आहे, तळी आहेत आणि मोकळी फिरणारी हरणे आहेत. एका शनिवारी सकाळी आम्ही तेथे गेलो, तर हजाराच्या वर माणसे गवतावर उभी होती. म्हातारी होती, गरोदर बायका होत्या, बाबागाडी ढकलणारे बाप होते. नऊ वाजता कोणीतरी खूण केली आणि तो सगळा जमाव धावू लागला. जत्रा उठून पळू लागावी तसे ते दृश्य होते.

चौकशी केली तेव्हा कळले, की याला पार्करन म्हणतात. 2 ऑक्टोबर 2004 या दिवशी पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थाने याच बागेत ही रीत सुरू केली. दुखापतीमुळे त्याला स्वतःला धावता येत नव्हते, म्हणून त्याने मित्रांना धावायला बोलावले आणि आपण घड्याळ धरले. पहिल्या दिवशी धावणारे अवघे तेरा होते. गांधीजयंतीचा मुहूर्त त्याने जाणून धरला नसेल, पण गांधीजींना हा प्रकार आवडला असता असे मला वाटते. पाच किलोमीटर, दर शनिवारी, फी नाही, बक्षीस नाही, आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवकांची. आज ही रीत जगातल्या अनेक देशांत पोचली आहे.

या कारभारात एक नियम आहे, आणि माझा हा लेख खरे म्हणजे त्या नियमाबद्दलच आहे. अकरा वर्षांखालील मुलाने पालकाच्या सतत हाताच्या अंतरावर धावले पाहिजे. हात पुढे केला तर मूल हाती लागले पाहिजे, इतके जवळ. त्याच बागेत हरणांपासून पन्नास मीटर दूर राहावे अशी पाटी आहे. हरणांपासून पन्नास मीटर आणि मुलीपासून हातभर, असे माझे शनिवारचे भूमितिशास्त्र पुढे पाच वर्षे चालले.

नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात मनगटावर घड्याळ बांधले आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. तो हिशेबी माणूस आहे; त्याला सेकंद वाचवण्यात धन वाचवल्याचा आनंद होतो. मागे आम्ही दोघी. पहिले काही शनिवार आम्ही धावण्यापेक्षा थांबतच अधिक होतो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खिडकीशी मुकी बसणारी मुलगी येथे बोलत होती. समोरासमोर बसवून "शाळेत काय झाले?" असे विचारले, की ती ओठ मिटून घेई. तेच शेजारी धावताना, माझ्याकडे न पाहता, ती आपण होऊन सांगू लागे : डबा उघडला की कोण नाक धरते, कोणता शब्द उच्चारला की वर्ग हसतो, कोणती मुलगी तरीही शेजारी बसते. पाचव्या किलोमीटरपर्यंत सगळा आठवडा उलगडून होई. दोघांच्या नजरा समोरच्या वाटेवर असल्या, की मनातले बोलणे सोपे जाते. आपल्याकडे पूर्वी बायका पाणवठ्याच्या वाटेवर मन मोकळे करीत, ते उगीच नव्हे.

प्रवासातही मग आमची धावण्याची बुटे बरोबर येऊ लागली. 2017 साली नवऱ्याच्या कामासाठी आम्ही तीन महिने टोकियोत होतो. तेथे सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकाभोवती सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेत एकही सिग्नल लागत नाही, म्हणून सारे शहर तेथे धावायला लोटते. कचेरीतून आलेल्या धावपटूंना कपडे बदलायला आणि नंतर अंघोळ करायला आजूबाजूला खास दुकाने आहेत. सगळ्यांनी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट धावायचे, असा तेथला संकेत आहे. मुलीने अर्धी फेरी झाल्यावर गंभीरपणे विचारले, "आई, ही उलटी प्रदक्षिणा नाही का?" आजीबरोबर देवळात जाणारी ती मुलगी, तिची शंका रास्त होती. मी म्हटले, "येथला देव डावखुरा असेल." दोन फेऱ्यांनंतर एक जपानी बाई मला थांबवून काहीतरी पत्ता विचारू लागल्या. मला जपानी येत नव्हते, पण अर्धा चड्डीतला आणि हातात पिशवी नसलेला माणूस येथलाच असणार, असे त्यांनी धरले होते. लंडनमध्ये तीन वर्षे काढून जे मिळाले नव्हते, ते टोकियोत आठ दिवसांत घामाने मिळवून दिले.

2018 च्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा आमच्याकडे आले. माझे माहेर माळशिरस तालुक्यातले, ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचे. अण्णा शाळामास्तर होते. पहिल्या शनिवारी ते शेवटच्या रेषेशी स्वतःचे जुने घड्याळ घेऊन उभे राहिले. आई म्हणाली, "मी काय येथे थंडीत बसू? मीही येते." पाचवारी पातळ, त्यावर माझा स्वेटर, पायांत कापडी बूट, अशी अडुसष्ट वर्षांची माझी आई निघाली. पार्करनची आणखी एक सुंदर चाल आहे. एक स्वयंसेवक ठरवून सर्वांच्या मागे चालतो, म्हणजे येणाऱ्यांपैकी कोणावरही शेवटचे राहण्याची पाळी येत नाही. आई त्या गृहस्थाबरोबर मराठीत आणि तो तिच्याबरोबर इंग्रजीत बोलत तासाभराने पोचली.

माझी आई जन्मली तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांची सर्वांत लांब शर्यत दोनशे मीटरची असे. 1928 साली आठशे मीटर एकदा धावू दिले; पण बायका दमून कोसळतात अशी ओरड झाली, आणि ती शर्यत 1960 पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन तर 1984 साली आली. हे सगळे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "वेळापूरच्या धाव्याला बायका कधीच्या धावतात. त्यांना कोणी सांगितले नसेल." आमच्या बाजूला वेळापूरजवळ एक टेकाड आहे. तेथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून वारीत दरवर्षी सगळे वारकरी तो उतार धावतात. डोईवर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्यासुद्धा. ते धावणे संकटाचे नव्हे. ते घर दिसल्याचे धावणे आहे.

अण्णांना मात्र आकडे आवडले. भारतात परत गेल्यावर दर शनिवारी त्यांचा फोन येऊ लागला. आमचे सकाळचे साडेनऊ वाजून गेले, की त्यांची दुपारची झोप आटोपलेली असे. "काय गं, आज किती?" मग प्रत्येकाची मिनिटे ते वहीत टिपून घेत. जावयाचे कौतुक, नातीला शाबासकी, आणि मला, "बरे आहे. पडली नाहीस ना?" ते शाळेच्या मुलांना फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगत असत. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटा चकित झाले, आणि दुसऱ्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला येथून खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे चौगुले होते. तेव्हाची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची होती, नेहमीपेक्षा लांब. चौगुले तीत एकोणिसावे आले. "एकोणिसावा म्हणजे हरला काय?" असे अण्णा वर्गाला विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता खडू उचलीत.

2019 च्या मे महिन्यात मुलीला अकरा वर्षे पूर्ण झाली. त्यानंतरच्या शनिवारी ती सुरुवातीला माझ्याशेजारी उभी होती. खूण झाली, आणि पाण्यात मासोळी सटकावी तशी ती गेली. माझा डावा हात सवयीने थोडा बाहेर राहिला होता, तो मी पहिला किलोमीटरभर कोठे ठेवावा हे कळत नव्हते. शेवटी पोचले तेव्हा ती पाणी पिऊन, श्वास खाली बसवून उभी होती. "किती वेळ गं आई!" ती म्हणाली. ती इंग्रजीत म्हणाली, हेही सांगायला हवे. एव्हाना तिची भाषा तीच झाली होती.

त्याच सुट्टीत आम्ही अँटवर्पला गेलो, अण्णांच्या चौगुल्यांसाठी. त्या स्टेडियमवर आता फुटबॉल खेळतात. आम्ही बाहेरच्या रस्त्यांवर धावलो. नवरा पुढे, त्याच्या पुढे मुलगी, मागे मी. फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी वहीत तारीख घातली आणि खाली लिहिले : तिघेही पोचले. वहीचे ते पान आईने मला नंतर दाखवले.

मार्च 2020 मध्ये पार्करन बंद पडले. इंग्लंडात दिवसातून एकदाच व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा होती, एकट्याने किंवा घरच्यांबरोबर. आमचा छंद सरकारी परवानगीचा झाला. शनिवारी नऊला आम्ही रिकाम्या वीथीतून धावत असू आणि अण्णांचा फोन येत असे.

23 एप्रिल 2021 पासून ब्रिटनने भारताचे नाव लाल यादीत घातले. मेच्या पहिल्या आठवड्यात अण्णा तापाने पडले आणि पाच दिवसांत गेले. मला जाता आले नाही. त्या काळात कितीजणांना जाता आले नाही. माझे दुःख काही वेगळे नव्हते. शनिवार आला. मी बूट घातले, कारण शनिवारी सकाळी दुसरे काय करावयाचे ते मला आठवत नव्हते. नवरा त्या दिवशी मागे राहून आईशी फोनवर बोलत होता. मुलगी तेरा वर्षांची. तिचा वेग एव्हाना माझ्या दीडपट झालेला. मी वाटेला लागले तेव्हा मला वाटले, ती पुढे जाईल. ती गेली नाही. पाचही किलोमीटर ती माझ्या डाव्या हाताशी, हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावर, लहान लहान पावले टाकीत धावत राहिली. झाडाखाली मी थांबले, तेव्हा तीही थांबली. दोघींची नजर समोर होती. बऱ्याच वेळाने ती मराठीत म्हणाली, "आजोबांची वही आता कोण लिहिणार?"

पत्ते, नाटक, सहली हे घरातल्यांनी एकत्र बसून करायचे छंद. धावण्यात सगळे एकत्र निघतात आणि लगेच वेगळे होतात; कारण प्रत्येकाचा श्वास वेगळा असतो. सात हजार किलोमीटरांवर राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना हेच शिकायचे होते. जवळ कोणी किती असावे याचा नियम दुसऱ्याने लावला तर तो अकरा वर्षांपर्यंत चालतो. पुढे अंतर ज्याचे त्याने राखायचे असते, आणि गरज पडेल त्या दिवशी ज्याने त्याने आपण होऊन मिटवायचे असते. मुलगी आता घर सोडून शिकायला जाण्याच्या वयाची झाली आहे. मी हात आवरायला शिकले आहे.

शनिवारचा फोन आता आईचा येतो. वही तिने पुढे चालवली नाही; आकड्यांत तिला रस नाही. ती एवढेच विचारते, "सगळी परत आलात का गं?"

मी सांगते, आलो. मुलगी आधी, मग तिचे बाबा, मग मी.