सांध्यातले पाणी

जुन्या लाकडी नौकांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात जतन केलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज पाहिले आणि या कामाचा अभिमान दुणावला. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून ते मुंबईच्या गोदीत बांधले गेले व १८१७ साली पाण्यात उतरले.

लाकडी डेकला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक. मीठ बुरशीला आवर घालते; गोडे पाणी मात्र उघडलेल्या सांध्यातून झिरपून खालच्या तुळईपर्यंत कूज पोहोचवते. वरची फळी तोवर धडधाकट दिसते. “रंग द्या, हा हंगाम निभावू द्या,” असे मालक म्हणतात. पण तुळई खचली तर खलाशाच्या जिवावर बेतते. म्हणून मी टोच्याने लाकूड तपासतो, निरोगी गाभा लागेपर्यंत कुजलेला भाग काढतो आणि त्याच जातीच्या, पुरत्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषेला रेषा जुळवून बसवतो. सांध्यांत कापसाची वात ठोकून वर डांबर ओततो. हे काम पूर्ण झाल्यावर कोणाच्या नजरेत भरत नाही. पावसाळ्यात आतील बिछाना कोरडा राहिला, हीच त्याची पावती.

वाडियांचे नाव इतिहासाने जपले. फळ्या जोडणारे असंख्य हात अनामच राहिले. आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलाचा हात रंध्यावर सहज वळत असेल, तर पालकांनी त्याला हलके काम म्हणून रोखू नये, एवढीच विनंती.