ओढ्याचे साक्षीदार

सोलापूरकराला पाण्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. सिद्धरामेश्वरांचे नाव सांगणारा तलाव गावाच्या मध्यभागी आहे. आदिला नदी अडवून बांधलेला, १८७१ साली पुरा झालेला हिप्परग्याचा तलाव शहराबाहेर आहे. पाहुणा आला की आपण त्याला देवदर्शन घडवतो, भुईकोट किल्ला दाखवतो, बरोबर शेंगाचटणी देतो. ओढा मात्र कोणी दाखवत नाही!

गेल्या आश्विनात आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मला तो दाखवायला घेऊन गेले. पाऊस नुकताच सरला होता. त्यांनी पाण्यातला एक दगड अलगद उलटला आणि म्हणाले, "वाचा!" दगडाच्या पाठीवर तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले सरपटत होती. शेजारी वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी एक अळी होती.

"बाटलीतले पाणी त्या क्षणापुरते बोलते," प्राध्यापक म्हणाले. "रात्री कोणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर बाटलीला पत्ता नसतो. हे जीव मात्र महिनोन्‌महिने इथेच राहतात. जे सोसले ते त्यांच्या हजेरीवरून कळते."

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्क्विट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी ही विद्या मांडली. पुढे इंग्लंडात प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण देण्याची रीत निघाली. प्राणवायू भरपूर लागणाऱ्या, नाजूक प्रकृतीच्या कुळांना दहा. गाळातल्या कृमींना अवघा एक. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही या धर्तीवर पाण्याचे पाच वर्ग ठरवले आहेत.

थोडे खाली वस्तीचा नाला ओढ्याला मिळतो. तिथे मेफ्लाय एकही नाही! गाळात लालभडक अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. म्हणून प्राणवायू तुटपुंजा असला तरी त्या तग धरतात. फर्लांगभर अंतरात ओढ्याचे दोन जन्म झाले होते.

एक धनगर मेंढरे घेऊन थांबला होता. "मास्तर, किडं मोजताय ते ठीक; पर ह्या पाण्यावर मेंढरं पाजू का नको, तेवढं सांगा!"

प्राध्यापकांनी सरळ सांगितले, "बाबा, रोगाचे जंतू या किड्यांवरून कळत नाहीत, त्याची तपासणी निराळी. पण नाल्याच्या खाली नको. वरच्या अंगाला पाजा."

त्याने कळप वर वळवला. त्या एका वाक्यासाठी सारी मोजदाद सार्थकी लागली, असे मला वाटले.

आमच्या मुलखात आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात ओढा आटतो, डबकी उरतात आणि घाण नसतानाही नाजूक जीव नाहीसे होतात. म्हणून इंग्लंडचे गुण इथे जसेच्या तसे लावून चालत नाही. त्याच ओढ्याचा वरचा भाग आणि खालचा भाग, एकाच ऋतूत, ताडून पाहावा लागतो.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन वाहत्या, उथळ ओढ्यावर जरूर जा. एक दगड उलटून पाहा, कोण कोण घरी आहे ते मोजा, आणि दगड पुन्हा होता तसा ठेवा. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, त्याच दिवसांत पुन्हा मोजा. हजेरी घटलेली दिसली, तर वर काय बदलले याची चौकशी करायला आपल्याला हक्काचे कारण मिळेल.