ब्लॅक बेल्ट, वस्ताद आणि मी

‘‘तू ब्लॅक बेल्ट आहेस ना? मग झालं तर!’’

फोनवर मैत्रीण होती. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे. महिला दिनाला ऑफिसातल्या मुलींसाठी दोन तासांचं सेल्फ डिफेन्स वर्कशॉप, मानधन पंधरा हजार. पंधरा हजार म्हणजे काय, ते कुणाही फ्रीलान्सरला विचारा. मी लगेच हो म्हटलं. संध्याकाळी मोबाइलवर पोस्टर आलं. माझा हसरा फोटो आणि त्याखाली जाड अक्षरात ‘मार्शल आर्ट्स मास्टर’.

मास्टर? कोण, मी?

आता खरं काय ते सांगते. पाचवीच्या उन्हाळी सुट्टीत आईने मला कराटेच्या क्लासला घातलं. तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. एका शाळेच्या ग्राउंडवर पांढरे ड्रेस घालून आम्ही तीसेक पोरं ओरडत हवेत ठोसे मारायचो. दर तीन महिन्यांनी परीक्षा. परीक्षेला फी, आणि फी भरली की नवा पट्टा. पिवळा, केशरी, हिरवा... बारा वर्षांची झाले तेव्हा काळा. पेढे वाटले, पट्टा शोकेसमध्ये गेला. या दोन वर्षांत मला कुणी एकदाही खाली पाडलं नव्हतं. मी कुणाला पाडायचा तर प्रश्नच नव्हता!

पुढे मास कॉमला असताना एका फीचरसाठी वाचत होते, तेव्हा कळलं की तायक्वांदोच्या सोलमधल्या मुख्य संस्थेत, कुक्कीवॉनमध्ये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘डान’ देतच नाहीत. त्यांना ‘पूम’ मिळतो आणि पट्टा असतो निम्मा लाल, निम्मा काळा. पहिल्या डानवरून चौथ्यावर जायलाच किमान सहा वर्षं. मास्टर वगैरे त्यानंतर. कराटे वेगळं, त्यातल्या संघटना वेगळ्या, हे मान्य. पण शोकेसमधला तो पट्टा त्या दिवसापासून माझ्याकडे जरा रोखूनच बघायला लागला. बायोडेटात मात्र मी तो ठेवला. (तुम्हीही ‘फ्लुएंट इन जर्मन’ ठेवलं असेलच की.)

आमच्या घरात खरा माणूस दुसराच आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची ओळख ‘वस्ताद’. गावच्या तालमीत त्यांनी चाळीसेक वर्षं पोरं घडवली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात लाकडी मुदगल. पट्टा नाही, सर्टिफिकेट नाही, फी तर नाहीच. लहानपणी मला त्यांचं काहीच वाटायचं नाही. मैत्रिणींना मी सांगायचे, ‘‘आमचे अण्णा शेती करतात.’’

नोव्हेंबर २०२३मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा मी अण्णांना घेऊन गेले. जिल्ह्याचं नाव बदलून जेमतेम दोन महिने झालेले. राज्यातल्या कुस्ती संघटनांच्या भांडणामुळे त्या एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी भरल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केलं आणि गदा नेली. त्यानंतर धाराशिवला त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. एका महिन्यात दोन केसरी! माझ्यातली पत्रकार जागी झाली.

‘‘अण्णा, यातला खरा केसरी कोण?’’

‘‘दोगंबी,’’ अण्णा शेंगा सोलत म्हणाले. ‘‘केसरी त्या दिवसाचा आस्तो लेकरा. उद्याचं उद्या.’’

मग त्यांची गाडी हरिश्चंद्र बिराजदारांवर गेली. ती नेहमीच जाते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, ते वेगळं झालं १९८२ला. त्यामुळे अण्णांच्या हिशेबात ती गदा आजही धाराशिवचीच आहे. १९७२ला ते हिंद केसरी झाले. पण अण्णा बोलतात ते त्यापुढचं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी वर्षानुवर्षं पोरं घडवली आणि त्यातला पाटोद्याचा राहुल आवारे पुढे २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. तोवर बिराजदार हयात नव्हते, २०११लाच गेले. ‘‘गदा घरात ऱ्हाती,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पोरगं भाईर जातंय.’’

तर पोस्टर आलं त्या रात्री मी अण्णांना फोन लावला.

‘‘अण्णा, तुम्ही वस्ताद कधी झालात? म्हणजे कितव्या वर्षी? कुणी केलं?’’

पलीकडे बराच वेळ शांतता. त्यांना प्रश्नच कळला नसावा. मग म्हणाले, त्यांचे वस्ताद वारले त्यानंतरची गोष्ट. अण्णा तेव्हा चाळिशीच्या आसपास. एका सकाळी शेजारच्या गावचा एक बाप पोराला घेऊन तालमीच्या दारात आला आणि म्हणाला, ‘‘वस्ताद हायत का?’’

‘‘म्या मागं वळून बगितलं. म्हनलं, कुनाला इचारतोय? मागं तर भिंत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, पोराला लंगोट बांधाया लावला.’’

मी त्यांना पोस्टरचं सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं. मी हे घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

‘‘पडता येतंय का तुला?’’ एवढंच विचारलं.

येत नव्हतं. म्हणून वर्कशॉपच्या आधी चार दिवस गावी गेले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ट्रॅकपँट घालून मी लाल मातीत पडायला शिकले. हनुवटी छातीला, हात मोकळा, डोकं वाचवायचं. अण्णांचे गुडघे गेलेत, ते बाजेवर बसून सूचना करत होते. पाडायचं काम त्यांचा नातू, म्हणजे माझा चौदा वर्षांचा चुलतभाऊ करत होता. तो मला तायडी म्हणतो आणि अजिबात दयामाया दाखवत नाही. गावात त्याच्या नावाआधी फ्लेक्सवर ‘पै.’ लागतं, तेही त्याने जत्रेत तीन कुस्त्या मारल्यानंतर. चौथ्या दिवशी मी पाठीवर पडले आणि डोकं आपटलं नाही. अण्णा ‘हां’ म्हणाले. दोन वर्षांत पट्टे बांधताना मला कुणी ‘हां’ म्हटल्याचं आठवत नाही.

परत आल्यावर मैत्रिणीला फोन केला आणि ‘मास्टर’ काढायला सांगितलं.

‘‘अगं, मग लिहू काय? सीनियर ट्रेनर? एक्स्पर्ट?’’ तिच्या कंपनीत सव्विसाव्या वर्षी असोसिएट डायरेक्टर होतात, त्यामुळे तिला माझी अडचण काही कळेना. ‘‘नुसत्या नावावर फायनान्सवाले पंधरा पास करणार नाहीत हं!’’

नाहीच केले. आठ हजारांवर ठरलं. कॅफेटेरियातली टेबलं बाजूला सरकवून, जिममधल्या मॅट टाकून मी चाळीस मुलींना दीड तास पडायला शिकवलं आणि उरलेला अर्धा तास पडल्यावर उठून पळायला. एकीची कुर्ती फाटली. टेस्टिंगमधली एक मात्र अशी सुरेख पडली की मी न ठरवता ‘हां’ म्हणून गेले.

चेक अजून यायचाय.