चौदा मिलिमीटर

माझ्या धाकट्या भावाच्या इको रिपोर्टमध्ये हृदयाच्या पडद्याची जाडी १४ मिलिमीटर आली. पडदा म्हणजे दोन मोठ्या कप्प्यांमधली स्नायूची भिंत. ती साधारण १० पर्यंत असते. १५ झाली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक आजाराचा संशय घेतात. १४ म्हणजे ना इकडे ना तिकडे.

तो राहुरीत पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे १६०० मीटर, गोळाफेक, शिवाय तालीम. आणि आमचे चुलते ३६ व्या वर्षी उसाला पाणी देताना कोसळले होते. घरात त्याला ‘अटॅक’च म्हणतात. त्यांचा इको कधी झालाच नाही.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. म्हणाले, जाडी एकच दिसते, कारणं वेगळी असतात. बीपीमुळे भिंत बहुधा सगळीकडून सारखी जाड होते. आमच्या दादांची तशी १२ आहे. व्यायामाने भिंतीबरोबर कप्पाही मोठा होतो आणि स्नायू झटकन सैल पडतो. आजारात बहुतेकदा पडदाच जास्त फुगतो, कप्पा लहान राहतो, स्नायू सैल व्हायला वेळ लागतो. म्हातारपणी कधी स्नायूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. तेव्हा इकोत भिंत जाड, पण ईसीजीच्या रेघा बारक्या, असा उलटा प्रकार दिसू शकतो.

हे तंत्र १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी सुरू केलं. जहाजाच्या कारखान्यात धातूतली चीर शोधायचं यंत्र त्यांनी उसनं आणलं होतं.

भावाच्या बाबतीत यंत्राने निम्मंच उत्तर दिलं. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी तीन महिने व्यायाम बंद करायला सांगितला. व्यायामाने आलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही. भरती त्याच तीन महिन्यांत होती. आई म्हणाली, “पुढच्या वर्षी भर की फॉर्म.” तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या इकोत ११ आली. तो पुन्हा ग्राउंडवर जातो.

पण चुलत्यांचं कोडं तसंच राहिलं. भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत एका हृदय-जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा अशा आजारांशी संबंध आहे, हे २००९ मध्ये समोर आलं. चुलतीला मी एवढंच सांगितलं की दोन्ही पोरांचा इको करून घेऊ. ती म्हणाली, “त्यांना काय झालंय?” काहीच झालेलं नाही. म्हणूनच आत्ता करायचाय.