नवेगावबांधची रात्र, १२ व्होल्टवर

शुक्रवारी लॅपटॉप मिटला आणि आम्ही चौघं सुटलो. भाड्याची कॅम्परव्हॅन, भंडारा-साकोली करत कोहमाऱ्याहून आत वळलो की गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध. व्याघ्र प्रकल्पात गाडी लावून झोपता येत नाही, बरं का! म्हणून गावातल्या एका काकांच्या शेतात, त्यांना विचारून, मोहाच्या झाडाखाली मुक्काम ठोकला. विजेचं कनेक्शन नाही, तर नाही. मागे १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहे ना? मग टेन्शन कसलं!

रात्री ३ वाजता पंखा थांबला. पाठोपाठ फ्रीज. दूध गेलं तर गेलं, पण आत मैत्रिणीची इन्सुलिनची नवी पेनं होती. त्या अंधारात सगळ्यांची झोप खाड्कन उडाली.

गाडी सुरू झाली, कारण इंजिनची बॅटरी वेगळी होती. फ्रीज घरघरला. पण जागेवर उभ्या गाडीत इंजिन चालवून बॅटरी फारशी भरत नाही, आणि तलावाकाठच्या शांततेची वाट लागते ती वेगळीच. अर्ध्या तासाने बंद केलं आणि फ्रीजचं झाकण सकाळपर्यंत उघडायचं नाही, असं ठरवलं. बंद फ्रीज काही तास थंडावा धरून ठेवतो. पेनं वाचली.

पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचणारे आले, तेव्हा आम्ही कागद-पेन घेऊन बसलो होतो. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर. पण साध्या लेड-ॲसिड बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. उरले ९००. रात्रभरात फ्रीजला साधारण २७०, पंख्याला २००, दिवे-मोबाईल-लॅपटॉपला १२०. म्हणजे जमत होतं की! मग घोळ कुठे? १५०० वॅटची चहाची किटली. १० मिनिटांना २५० वॅट-अवर, आणि आम्ही चहा केला तीनदा! शिवाय छपरावरचं सोलर पॅनल दुपारपासून मोहाच्या सावलीत. म्हणजे खर्च जोरात आणि जमा जवळपास शून्य.

काका हसले. ‘पोरी, तलावाचं पाणीबी मोजूनच सोडाव लागते.’ समोरचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. कोहळी म्हणजे इथले तलाव बांधणारे आणि धानाला पाणी पुरवणारे लोक. पावसाळ्यात साठवायचं, मग वर्षभर हिशोबाने सोडायचं. आमची बॅटरी म्हणजे तरी दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात लावली. २०० वॅटचं पॅनल मार्चच्या उन्हात दिवसाला ८०० वॅट-अवरच्या आसपास देतं. चहा गॅसवर. लॅपटॉप आणि मोबाईल गाडी चालू असतानाच चार्ज केले, फ्रीजही तेव्हाच थंड करून घेतला. झोपण्यापूर्वी सगळं बंद करून थोड्या वेळाने मीटर पाहिला. लेड-ॲसिडमध्ये १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमवाल्यांनी मात्र हे आकडे धरू नयेत, त्यांचं गणित निराळं.

त्या रात्री पंखा सकाळपर्यंत फिरला. इन्सुलिन थंडगार, मैत्रीण गाढ झोपेत. पुढच्या वीकेंडला निघताय? मोठ्या बॅटरीच्या मागे लागण्याआधी किटली घरी ठेवा, बॉस!