कामाशिवाय बाहेर

डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो. मुलं शाळेतून घरी येतात तीच तिन्हीसांजेला, आणि ऑफिसं सुटतात तेव्हा रात्र होऊन तास-दीड तास उलटलेला असतो. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांत आम्ही मुली ‘दिवे लागायच्या आत घरात’ या नियमावर वाढलो. तोच नियम इथं लावला, तर हिवाळाभर या शहरातल्या नर्स, शिक्षिका, दुकानांतल्या मुली यांच्यापैकी निम्म्यांना नोकऱ्या सोडाव्या लागतील. म्हणून अंधार पडला की बाईनं घर गाठायचं, हा हिशेब इथं चालतच नाही.

त्याऐवजी शहराला काही सोय करावी लागते. अनेक मार्गांवर बस चोवीस तास धावते. पुढची बस किती मिनिटांत येणार, ते बऱ्याच थांब्यांवरच्या पाटीवर दिसतं. २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी भुयारी रेल्वेच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या असतात. थांब्यावर एकटीनं किती वेळ उभं राहायचं आहे हे नक्की ठाऊक असलं, की निम्मी धाकधूक तिथंच संपते. उरलेली निम्मी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईमुळे कमी होते. पहाटेच्या बसमध्ये साफसफाईच्या कामाला निघालेल्या बायका डुलक्या घेत असतात. त्या बसमध्ये मला कधी भीती वाटलेली नाही.

पण यावरून लंडन निर्धास्त आहे, असं कुणी समजू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२१ मध्ये पाहणी केली. अंधार पडल्यावर घराजवळच्या सामसूम रस्त्यानं एकटं चालताना असुरक्षित वाटतं, असं दर दोन बायकांमागे एकीनं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण सातांत एक होतं. म्हणजे रस्ता तोच, दिवेही तेच. भीती मात्र बाईच्या वाट्याला कितीतरी जास्त.

त्याच वर्षी, ३ मार्चला, सारा एव्हरार्ड ही ३३ वर्षांची तरुणी दक्षिण लंडनमधल्या क्लॅपहॅमहून मैत्रिणीच्या घरून ब्रिक्स्टनकडे चालत निघाली. रात्रीचे नऊ वाजले होते. वर्दळीचा, उजेडाचा रस्ता, पायात पळता येईल असे बूट, वाटेत मित्राशी फोनवर बोलणं. आया मुलींना जे जे बजावतात, ते सगळं तिनं केलं होतं. तिला अडवलं ते नोकरीत असलेल्या पोलिसानं. वेन कझन्सनं ओळखपत्र दाखवलं, कोरोनाचे नियम मोडल्याचा खोटा ठपका ठेवला, हातात बेड्या घातल्या आणि तिला गाडीत बसवलं. अत्याचार करून त्यानं तिचा खून केला. तो आता मरेपर्यंत तुरुंगात राहील.

चार वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणच्या बसची वाट पाहत एक तरुणी थांबली होती. फिर्याद अशी, की आरोपीनं ‘ताई’ म्हणून बोलायला सुरुवात केली, तुमची गाडी दुसरीकडे लागलीय असं सांगून अंधारात उभ्या असलेल्या शिवशाही बसपाशी नेलं आणि आत तिच्यावर अत्याचार केला. पोलीस ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर. आरोपी पुढे शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात सापडला.

दोन्हीकडे बाईनं ज्यावर विश्वास ठेवावा असं आपण तिला शिकवतो, त्याचाच वापर करून तिला फसवलं गेलं. तिकडे पोलिसाचं ओळखपत्र होतं, इकडे आदराची हाक. त्यानंतर मोठ्या पदांवरची माणसं जे बोलली, तेही ऐकण्यासारखं आहे. बायकांना कधी अटक होऊ शकते आणि कधी नाही, याचं त्यांना व्यवहारज्ञान हवं, असं नॉर्थ यॉर्कशरच्या पोलीस आयुक्तपदी निवडून आलेले फिलिप ऑलट म्हणाले. स्वारगेटला झटापट किंवा प्रतिकार झाला नाही, म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही, अशा अर्थाचं आपले गृहराज्यमंत्री योगेश कदम बोलले. ऑलट यांना राजीनामा द्यावा लागला. कदम यांनी, पोलिसांनी दिलेली माहितीच आपण सांगितली, असा खुलासा केला. इतक्या लांबच्या दोन देशांत चौकशीचा पहिला प्रश्न मात्र बाईलाच विचारला गेला.

लंडनच्या पोलिसांनी तर कमालच केली. एकट्या पोलिसानं अडवलं आणि शंका आली तर काय करावं, याच्या सूचनांत ‘हात करून बस थांबवा’ हीसुद्धा एक होती. साराच्या स्मरणासाठी क्लॅपहॅम कॉमनवर जमलेल्या बायकांना त्याच पोलिसांनी जमिनीवर दाबून बेड्या घातल्या होत्या. त्या सभेच्या आयोजक बायकांच्या हक्कांचा पोलिसांनी भंग केला, असं २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं. लंडन पोलिसांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या २०२३ च्या केसी अहवालानं तर हे पोलीस दल संस्था म्हणूनच स्त्रीद्वेष्टं असल्याचा शेरा मारला.

कायद्याचीही एक गंमत आहे. बाईला शब्दानं वा हावभावानं छळणं हा गुन्हा मानणारं भारतीय दंड संहितेचं कलम ५०९ इंग्रजांनी आपल्यासाठी १८६० मध्येच लिहून ठेवलं. नव्या न्याय संहितेत ते आता ७९ क्रमांकाला आहे. खुद्द इंग्लंडमध्ये, बाई आहे म्हणून रस्त्यात छळल्यास जास्त शिक्षा सांगणारा वेगळा कायदा मंजूर व्हायला २०२३ उजाडलं. तेव्हा कायदा आपल्याकडे नव्हता, अशी सबब कोल्हापुरात कुणाला सांगता येणार नाही.

मग राजारामपुरीतल्या मुली तक्रार का करत नाहीत? आमच्या पेठेत मुलींवर लक्ष ठेवणाऱ्यांची वाण नाही. सातव्या गल्लीतली पोरगी कुणाच्या गाडीवर बसून गेली, हे ती घरी पोचायच्या आत अकराव्या गल्लीत कळलेलं असतं. ‘कुठं निघालीस गं?’ हा प्रश्न किराणावाल्या काकांपासून दळणाला आलेल्या मावशींपर्यंत कुणीही विचारू शकतं. त्यात माया असते, हे मी नाकारत नाही. लंडनमध्ये वर्षभर शेजारी राहूनही कुणी तसं विचारत नाही, तेव्हा त्या मायेची किंमत कळते. पण ते लक्ष असतं मुलीवर. तिच्या मागं क्लासपासून मोटरसायकल लावणाऱ्या पोराला ‘कुठं निघालास रे?’ असं कितीजण विचारतात?

आणि मुलीनं घरी सांगितलंच, तर काय होतं? उद्यापासून क्लास बंद, नाहीतर भाऊ सोडायला येणार, नाहीतर ‘यंदा उन्हाळ्यात स्थळं बघू’. पाठलाग त्यानं केला, पायात बेडी मात्र तिच्या. हे प्रत्येक मुलीला दहावीच्या आधीच कळतं, म्हणून ती गप्प बसते. स्कार्फ घट्ट बांधते, वाट बदलते, मैत्रिणीला गाठते. तिच्या गप्प बसण्याचा फायदा थेट त्या पोराला मिळतो. त्याला पोलिसांपेक्षा तिच्या घरच्यांचा जास्त भरवसा असतो.

२०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आलं. मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की रस्त्यावरच्या बाईला कायम काही ना काही कारण लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, कडेवर मूल. नुसतं उभं राहायची, रेंगाळायची मुभा फक्त पुरुषांना. त्यांची मागणी बायकांच्या रखवालीची नव्हती, कामाशिवाय बाहेर असण्याच्या हक्काची होती.

हे वाचताना मला आमचे कट्टे आठवले. मंडळाचा कट्टा, टपरीसमोरचा कट्टा, बंद दुकानाच्या पायऱ्या, रात्री अकरापर्यंत भरलेल्या. त्यांवर पुरुष. गणेश चतुर्थीला राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर आगमनाची मिरवणूक निघते, तेव्हा पोरं रस्त्यात नाचतात आणि बायका बऱ्याचशा कडेला नाहीतर गॅलरीत. त्या मुख्य रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी मात्र मुलींना खरा आधार. त्या आहेत तोवर मुलगी धिम्या पावलांनी चालते. त्यांनी पाट्या उचलल्या, की तीही पाय उचलते. रस्ता बायकांनी भरलेला असला तरच तो बायकांचा राहतो.

इंग्लंडमधल्या बायकांना हे केव्हाच उमगलं होतं. सत्तरीच्या दशकात यॉर्कशरमध्ये एक खुनी बायकांना मारत सुटला होता, तेव्हा अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, असा सल्ला पोलिसांनी दिला. खुनी पुरुष आणि संचारबंदी बायकांना, असा हा न्याय. त्यावर १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लीड्ससह अनेक शहरांत बायका मशाली घेऊन रस्त्यावर आल्या. पन्नास वर्षं होत आली, तसे मोर्चे अजून निघतात. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. पण अंधार पडला म्हणून घरी बसा, असं इथल्या मुलीला सांगायची आज कुणाची सहज हिंमत होत नाही. एवढं त्या चालण्यानं नक्की झालं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आता प्रवास अर्ध्या पैशांत होतो, तर स्थानकावरची भीतीही निम्मी व्हायला हवी. कोपऱ्यातल्या बंद गाड्या हटवा, फलाटावर लख्ख दिवे ठेवा, उशिराच्या केएमटी बस वाढवा, हे सरकारनं आणि महापालिकेनं करायचं आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे.

पण एक गोष्ट राजारामपुरी आज रात्रीपासून करू शकते, आणि तिला निधी लागत नाही. मुलगी घरी येऊन ‘माझ्या मागं कुणीतरी येतंय’ म्हणाली, तर तिचा क्लास बंद करू नका. ११२ ला फोन लावा, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच वाटेनं क्लासला जाऊ द्या. वाट बदलायची असेल, तर ती त्या पोरानं बदलावी.